सुरी नको, सुई चालेल

३ मार्च, सोमवार

परत ‘नाही’!

बाप म्हणाला, “सिस्टर, तुम्हाला मुलंबाळं आहेत?” मी म्हटलं, नाहीत. “मग बरोबर आहे.” एवढंच बोलला आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ उचलून चालायला लागला. बायको मागून भिंतीचा आधार घेत घेत. लिफ्टपर्यंत मी बरोबर गेले. दोघांनीही वळून पाहिलं नाही.

त्याचं काय चुकलं? मी विचारते तरी काय – खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात – तुमचं बाळ का गेलं ते कळावं म्हणून त्याला उघडून बघू का? वॉर्डात बाळ दगावलं की आईबापांशी बोलायचं काम मोठ्या सिस्टरांनी माझ्या गळ्यात घातलं, कारण म्हणे माझा आवाज मऊ आहे. आवाज मऊ असून काय करायचं! सुरी ती सुरीच.

मग कागदावर ‘जंतुसंसर्ग असावा’ असं पडतं. असावा! पुढच्या बाळाला कुठलं औषध द्यायचं ते या ‘असावा’च्या भरवशावर ठरवायचं. तेही गेलं की आणखी एक ‘असावा’.

घरी आले तर भावाची ठकू दारातच उभी, पायांत माझ्या चपला. “आत्या, या मला मोठ्या होतात. तू छोट्या पायांची हो ना.” अडीच वर्षांची पोर! हसता हसता रडूच आलं. आईला वाटलं सर्दी झालीय. वाफ घे म्हणाली.

५ मार्च, बुधवार

आमच्याकडे नवी पद्धत येणार म्हणतात. बाळाला उघडायचं नाही. आधी स्कॅन, मग पोकळ सुईनं फुप्फुस, लिव्हर, हृदय, मेंदू यांचे कणभर तुकडे काढायचे आणि तपासायचे. अंगावर डास चावल्यासारख्या खुणा, बाकी काही नाही. सुरू करण्याआधी आम्हा लोकांना काय वाटतं ते विचारायला एक बाई आलीय. हातात रेकॉर्डर, मान सारखी हलती. सगळ्यांनी तिचं नाव ‘प्रश्नवाली’ ठेवून टाकलंय.

आज तिनं चहाच्या खोलीत सगळ्यांना एकत्र बसवलं – आणि काय जुंपली!

छोटी डॉक्टर – आमच्या वॉर्डातली, अजून कॉलेजातली वाटते – आधी तीच बोलली. “द्या हो ती सुई लवकर! शवविच्छेदन हा शब्द काढायचा म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. समोर आई बसलेली असते, तिचं दूध अजून थांबलेलं नसतं.”

सर म्हणजे शवविच्छेदन करणारे आमचे डॉक्टर. त्यांनी टेबलावर बोट आपटलं. “सुई जिथं टोचाल तिथलंच सांगेल. बोटभर बाजूला दोष असला तर तिला पत्ता नाही. मी उघडून बघतो, हातात घेऊन बघतो. तुम्ही मला कुलपाच्या भोकातून घर बघायला सांगताय.”

शवागारातले मामा असल्या बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत. आज म्हणाले, “सर, तुम्ही बघून जाता. शिवतो मी. आणि आई म्हणते, एकदा झबलं काढून बघू द्या हो, तेव्हा ‘नको ताई’ म्हणायला मीच असतो.”

सरांनी टेबलावरचं बोट मागे घेतलं. मग म्हणाले, “खरंय मामा. पण मी चुकीचं उत्तर दिलं तर पुढचं बाळही तुमच्याकडेच यायचं.”

मोठ्या सिस्टरांचं तिसरंच. “सुई म्हटलं की लोक पटकन हो म्हणतील, मला त्याचीच धास्ती. हो म्हणणं सोपं केलं म्हणजे त्यांना समजलं असं होत नाही. आणि हो – टोचणार कोण? ते पण आमच्याच डोक्यावर ना?”

शेवटी मला विचारलं. मी म्हटलं, सुरी नको, सुई चालेल. ‘नाही’ ऐकून ऐकून कान किटलेत माझे. सगळे हसले. प्रश्नवालीनं लगेच मान हलवली.

७ मार्च, शुक्रवार

आमच्या घरच्या बाळाला, ठकूच्या भावाला, खालचे दोन दात आलेत. धाकटा – माझा भाऊ – गॅरेजातून आला की हात धुवायच्या आधी त्याचं तोंड उघडून बघतो. भावजय ओरडते, “आधी हात! ग्रीस खाऊ घालणार का त्याला?” तो म्हणतो, “खाऊ दे, मशीन चांगलं चालेल.” आई म्हणते, शहाणा आहेस.

सात महिन्यांचा आहे आणि सगळ्या घराला नाचवतो. ठकूला तेवढं पटलेलं नाही. “याला परत कधी द्यायचं?” विचारत होती.

११ मार्च, मंगळवार

बाळ गेला.

१२ मार्च, बुधवार

लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही. 

परवा संध्याकाळी त्याला सर्दी होती. दूध नको नको करत होता, एकदा ओकला. लहान मुलांचं चालायचंच. मी स्वतः कपाळाला हात लावून पाहिला – गरम नव्हता. मग झोपला. काल सकाळी मी निघाले तेव्हा झोपलेलाच होता. मी म्हटलं पण – बघा, राजे आज लोळताहेत!

वॉर्डात औषधं काढत होते. दार ढकलून धाकटा आत. गॅरेजचे कपडे, हातांवर बाळ. त्याची मान अशी – नाही, ते नको लिहायला. मागे भावजय, एका पायात चप्पल. माझ्या हातातला ट्रे कुणी घेतला आठवत नाही.

छोटी डॉक्टर आणि मोठ्या सिस्टर दोघी तुटून पडल्या. बाळाची साखर मशीनवर नीट दिसेना इतकी कमी. साखर दिली, नळी घातली, छाती दाबली. मी बाहेर उभी. इतक्या वर्षांत त्या दाराच्या बाहेर मी कधी उभी राहिले नव्हते. दाराच्या काचेवर आतून चिकटपट्टीचा एक तुकडा राहिलाय – तो बाहेरून दिसतो, हे मला माहीतच नव्हतं.

दुपारी संपलं.

साखर का पडली, विचारलं. छोटी डॉक्टर म्हणाली, “शेवटच्या घटकेला पडतेच हो सिस्टर. ते कारण की परिणाम, नाही सांगता येत.” मग तिला विचारावं लागलं. माझेच शब्द – मीच तिला शिकवलेले – जसेच्या तसे. “तुमच्यावर कसलीही जबरदस्ती नाही. तुम्ही वेळ घ्या.” ऐकायला किती पोकळ वाटतात ते शब्द! आणि मी ते रोज बोलते.

धाकटा उसळला. “हात लावायचा नाही त्याला कुणी! ताई, हिला सांग. तू इथंच काम करतेस ना? सांग!”

मी सांगणारच होते. खरंच. मलाही नको होतं. सरांचं टेबल मी पाहिलंय.

तेवढ्यात भावजय बोलली. सकाळपासून पहिल्यांदाच. “माझ्या कुशीत होता. माझ्याकडून दबला का तो? मला एवढंच सांगा. दुसरं काही नको.”

धाकट्यानं तिच्याकडे बघितलं – दुःखानं नाही, घाबरल्यासारखं. “कळून काय होणार आहे?” म्हणाला. ती म्हणाली, “मला कळायला पाहिजे.”

मग छोट्या डॉक्टरनं सुईचं सांगितलं. नवी पद्धत, अजून आमच्याकडे कुणावर केलेली नाही. कापणार नाही. शिवणार नाही. नंतर बाळाला घेऊन बसता येईल.

धाकट्यानं सही केली. पेन कागदातून आरपार गेलं.

१३ मार्च, गुरुवार

काम सुरू करायच्या आधी सरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं.

“तुम्ही स्टाफमधल्या, म्हणून स्पष्ट बोलतो. सुईनं काही सापडलं नाही तर मी लिहिणार, ‘कारण मिळालं नाही’. त्याचा अर्थ ‘कारण नव्हतं’ असा नाही. हे तुम्हाला कळतं. तुमच्या घरी कळेल?”

मी म्हटलं, कळेल.

“पूर्ण शवविच्छेदनाला तयार असतील तर अजून विचारा.”

मी विचारलं नाही. माझं तोंडच उघडेना. दुसऱ्यांना विचारताना कसं उघडतं कोण जाणे!

आधी स्कॅन झाला. मग सरांनीच सुया घातल्या. मी बाहेर बाकावर. मामांनी पाणी आणून दिलं, शेजारी बसले. “सर आज फार हळू करताहेत,” म्हणाले.

नंतर मामांनी बाळाला पुसलं, केस विंचरले, आणि भावजयीच्या मांडीवर दिलं. ती झबलं सोडायला लागली. मी पुढे झाले – सवयीनं, थांबवायला. मामांनी मान हलवली. असू दे.

तिनं सगळं झबलं काढलं. पोट बघितलं, पाठ बघितली, काखेत बघितलं. लाल ठिपके तेवढे. त्यांवरून बोट फिरवत राहिली. मग परत झबलं घातलं, बंद बांधले, वर पडलेली चुणी बोटानं नीट केली. धाकटा दारातून आत आला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

त्याला पोचवून आलो. घर खायला उठलंय.

१९ मार्च, बुधवार

आईचं सुरू झालंय. आरडाओरडा नाही, त्याचं काही वाटलं नसतं. भांडी घासता घासता, कपड्यांच्या घड्या घालता घालता.

“एवढा वेळ निजला आणि तुला उठवावंसं वाटलं नाही?”

“झोपला होता,” भावजय म्हणते.

“रात्रभर दूध नाही प्यायलेलं पोर. उन्हं वर आली तरी झोपलेलं. आईच्या पोटात कालवायला नको?”

“झोपला होता म्हणून.”

“आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?”

रोज हेच. ती दुसरं काही बोलतच नाही. मी आईला बाजूला घेतलं, म्हटलं, बास झालं आता. आई म्हणाली, “मी काय खोटं बोलतेय? मला त्रास होत नाही का? माझा नातू होता.” आणि पदरात तोंड घालून अशी रडायला लागली, की मीच समजूत घालत बसले. आईवर तरी किती चिडायचं!

आणि धाकटा? ताटात बघून जेवतो. त्याच्यादेखत आई तिला बोलते आणि याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. बायकोच्या बाजूनं एक वाक्य! एक! आज मी त्याला म्हटलं, “तू पण तिलाच दोष देतोस का?” ताट सारून उठला. गॅरेजात गेला तो अंधार पडेपर्यंत आला नाही.

ठकू सगळ्यांना विचारत हिंडते, बाळ आपण दिलं का परत? तिला वाटतं, तिनंच सांगितलं होतं म्हणून दिलं.

२४ मार्च, सोमवार

कामावर रुजू. पहिल्याच दिवशी एक बाळ गेलं – जन्मल्यापासून अशक्त होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, मी विचारते, तू राहू दे. मी म्हटलं, नाही, मीच जाते.

आई एकोणीस-वीस वर्षांची. मी तिच्यासमोर बसले. सुईचं सांगायचं होतं फक्त. कापणार नाही, शिवणार नाही. तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर पडला. ती पोरगी माझे डोळे पुसायला लागली! आपलं मेलेलं मूल मांडीवर, आणि मला म्हणते, “रडू नका सिस्टर.”

लाज वाटली. असलं काम मला जमायचं नाही आता.

२ एप्रिल, बुधवार

रिपोर्ट आला. सर स्वतः वॉर्डात आले तेव्हाच मला कळलं.

फुप्फुसात जंतू नाहीत. मेंदूत काही नाही. हृदय ठीक. लिव्हरच्या तुकड्यात चरबी दिसतेय. “पण तिचे दहा अर्थ निघतात. आजारी बाळात असते कधी कधी. एवढ्याशा तुकड्यावरून मी छातीठोक सांगू शकत नाही. लिव्हर आणि रक्ताचा थेंब बाहेरच्या मोठ्या लॅबकडे पाठवलाय. फार आशा धरू नका.”

“दबून गेला नाही, हे तरी सांगा!” मी जवळजवळ ओरडलेच.

“तसं काही दिसलं नाही. पण दबल्याची खूण दर वेळी राहतेच असं नाही.” मग खाली बघून म्हणाले, “मी उघडलं असतं तरी हेच म्हणालो असतो, हे लक्षात ठेवा.” मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, कुणास ठाऊक.

कागदावर काय? ‘मृत्यूचं निश्चित कारण मिळालं नाही.’ किती दिवस जीव टांगणीला लावून बसलो होतो आम्ही – या एका ओळीसाठी!

घरी सांगितलं. शब्द तोलून मापून सांगितलं – मिळालं नाही म्हणजे नव्हतं असं नाही, अजून तपास चालू आहे. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे काहीच आजार नव्हता त्याला. धडधाकट पोर होतं.” आणि भावजयीकडे बघितलं. बस, बघितलं फक्त.

भावजयीनं चहाचे कप गोळा केले, आत नेले. एकही वाजवला नाही.

सर म्हणाले होते, तुमच्या घरी कळेल का? मी ‘कळेल’ म्हणाले होते.

३ एप्रिल, गुरुवार

भावजय ठकूला घेऊन माहेरी गेली. धाकट्यानं बॅग रिक्षात ठेवली. थांब म्हणाला नाही.

८ एप्रिल, मंगळवार

प्रश्नवाली परत आली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. रेकॉर्डर सुरू केला आणि हसून म्हणाली, “मागच्या वेळी तुमचं उत्तर सगळ्यात छोटं आणि सगळ्यात छान होतं.”

मी तिला सगळं सांगितलं. तिचं हसू विरलं. रेकॉर्डर बंद करू का, म्हणाली. मी म्हटलं, नको, चालू राहू दे! लिहून घ्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, प्रश्न कापायचं की टोचायचं एवढाच आहे. तसं नसतं हो बाई! आईच्या हातात अख्खं बाळ देता आलं – ते खरं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्यासाठी सुईचे पाय धरीन. पण नंतर घरी कागद येतो. तो कागद घेऊन तिला एकटीला बसावं लागतं – सासूसमोर, नवऱ्यासमोर. त्याच्यावर ‘माहीत नाही’ असं लिहिलेलं असलं की ज्याला जे हवं ते तो वाचतो. त्या दिवशी कोण असतं तिच्याबरोबर? सर? छोटी डॉक्टर? मी घरातच होते, तरी मला काही करता आलं नाही!

“मग तुमच्या मते ही पद्धत सुरू करावी की करू नये?” तिनं विचारलं. बिचारीचं कामच ते.

मी म्हटलं, मला माहीत नाही. तुमच्या यादीत ‘माहीत नाही’ला जागा आहे का?

मग मोठ्या सिस्टरांकडे गेले आणि सांगून आले – यापुढे आईबापांशी मी बोलणार नाही. इंजेक्शनं द्यायला सांगा, फरशी पुसायला सांगा. त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच्या डब्यातलं केळं काढून माझ्या हातात दिलं. “खाऊन घे. तोंड बघ कसं झालंय.”

११ एप्रिल, शुक्रवार

काही नाही. नुसते दिवस जातात. आज आईनं सवयीनं दुधाची बाटली उकळायला ठेवली होती. तिच्या लक्षात आलं तेव्हा गॅस बंद केला आणि तिथंच खाली बसली. मी पण बसले. दोघीही ओट्याला टेकून. धाकटा पाणी प्यायला आला, आम्हाला बघून तसाच माघारी गेला.

त्याला वाटतं, तो एकटाच मेलाय आतून.

१४ एप्रिल, सोमवार

भावजयीला फोन केला. तिच्या आईनं उचलला. “झोपलीय. जास्त झोपतेच आजकाल.” ठकू बोलली. “आत्या, इथं मांजर आहे. ते माझं ऐकत नाही.” बाबा कुठाय विचारलं. मी म्हटलं, गॅरेजात. “त्याला सांग मांजर आहे.”

सांगितलं. धाकटा म्हणाला, “हं.”

१६ एप्रिल, बुधवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी सर वॉर्डात आले. चालत नाही – पळत! पिकलेल्या केसांचा माणूस जिना पळत चढला. माझा दंड धरून मला बाजूला नेलं.

“लॅबचा निकाल आला. जन्मजात आजार होता. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी वापरतं. तुमच्या बाळाच्या शरीराला ते जमत नव्हतं. त्यात सर्दी, ओकारी, दूध नाही – साखर घसरत गेली, आणि गेला. दबला नाही तो. कुणी दाबलं नाही. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय?”

मी भिंतीला टेकले. दबला नाही. दबला नाही!

“ऐका, अजून संपलेलं नाही. हे आई आणि बाप दोघांकडून येतं. दुसरं मूल आहे ना? मुलगी? तिलाही असू शकतं. दिसायला अगदी ठणठणीत असेल. तिला उपाशी राहू देऊ नका. आजारी असेल तर अजिबातच नाही. आधी फोन करा.”

फोन केला. वाजतोय, वाजतोय. शेवटी भावजय. सगळं सांगायच्या आधी सहज विचारलं – ठकू कशी आहे?

“कालपासून ओकतेय. पोट बिघडलंय. काही खात नाही. आता निजलीय, म्हणून मी म्हटलं –”

“उठव!” मी किंचाळले. अख्ख्या वॉर्डानं माझ्याकडे बघितलं. “उठव तिला! आत्ताच्या आत्ता!”

उठेना. हाका ऐकू येत होत्या मला फोनमधून. ठकू, ए ठकू, ठके! मग कण्हल्यासारखा आवाज. छोट्या डॉक्टरनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला – “गिळता येतंय का तिला? मग साखरेचं पाणी, चमच्यानं, थोडं थोडं. गिळत नसेल तर पाजू नका, नुसती साखर हिरड्यांना चोळा. गाडी मिळेल ती धरा आणि जवळच्या हॉस्पिटलात जा. तिथल्या डॉक्टरला मला फोन लावायला सांगा.” सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. छोटी म्हणतो आम्ही तिला!

मी धाकट्याला कळवलं. गिऱ्हाइकाची गाडी घेऊन तो सुटला. मी, छोटी डॉक्टर, सर, मोठ्या सिस्टर – चौघं त्या फोनभोवती. कुणी बसलं नाही. मामा खालून वर आले. ते कधी वॉर्डात येत नाहीत, आईबाप घाबरतात म्हणून. आज आले, कोपऱ्यात उभे राहिले.

फोन वाजला. तिथला डॉक्टर. साखर फारच खाली होती. सलाइन लावलंय. डोळे उघडलेत.

सर खुर्चीत धपकन बसले. चष्मा काढून पुसत राहिले. छोटी डॉक्टर म्हणाली, “सर, सुईनं सापडलं.” सर म्हणाले, “या वेळी सापडलं. लिव्हर मोठं असतं, सुई चुकत नाही. दर वेळी असं होईल असं कुणाला सांगू नकोस.” आणि मग, जरा वेळानं, “पण पुढच्या वेळी मला लगेच बोलवा.”

१८ एप्रिल, शुक्रवार

ठकूला आमच्या वॉर्डात आणलंय. रक्त तपासायला पाठवलं. निकाल यायचाय, पण सर म्हणतात, असणारच असं धरून चाला. औषध असं काही नाही – वेळेवर खायला द्यायचं, आजारी पडली की ताबडतोब दवाखाना, आणि झोपली असली तरी फार वेळ रिकाम्या पोटी ठेवायचं नाही. एवढंच. एवढंसंच!

ठकू पलंगावर बसून बिस्किटं खाते आणि सलाइनच्या नळीला दटावते. आई आली होती. भावजयीसमोर उभी राहिली आणि तिचे दोन्ही हात धरून स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायला लागली. भावजयीनं हात सोडवून घेतले. “असू दे आई,” म्हणाली. “बसा.”

सरांनी सगळ्यांसमोर परत नीट समजावलं. कुणाचाच दोष नाही. भावजय शेवटपर्यंत ऐकत होती. धाकटा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याची पाठ हलत होती. मला वाटलं, सुटला एकदाचा.

१९ एप्रिल, शनिवार

आज जिन्यात धाकट्यानं मला थांबवलं. म्हणाला, “त्या सकाळी ती उठली होती, ताई. दूध द्यायला त्याला उठवत होती. मी म्हटलं – झोपू दे गं त्याला, तू पण झोप जरा.”

तिनं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही, मलाही नाही.